सत्याग्रह हा शब्द आधी बॅनरवरून खाली उतरवा!

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, ही हात जोडून विनंती.

आमच्या तालुक्यात पीकविम्यासाठी आंदोलन झालं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'भव्य सत्याग्रह आंदोलन', खाली नेत्यांचे फोटो, कोपऱ्यात तळहाताएवढा गांधीबाबा. सकाळी अकराला घोषणा सुरू झाल्या. दुपारी एकच्या सुमारास कोणीतरी कृषी सहायकाच्या तोंडावर काळी शाई ओतली. तो बिचारा खुर्चीतून उठलाही नव्हता. विम्याचे पैसे देणं त्याच्या हातात नाही. विमा कंपनीचा माणूस तर त्या कार्यालयात कोणी कधी पाहिलेलाच नाही. पण हाताशी सापडला तो हाच.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? शाई आली. सोयाबीन आलं नाही, कापूस आला नाही, विमा शेवटच्या दोन ओळींत आला. पोलिसांनी व्हिडिओ पाहून नावं टाकली. सरकारी कामात अडथळा आणल्याचे गुन्हे. ज्यांचे फोटो बॅनरवर होते त्यांचे वकील संध्याकाळपर्यंत कामाला लागले. अडकले ते मागं उभे असलेले पोट्टे. त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे चारला उठून रस्त्यानं पळतो. तो मला म्हणाला, "भाऊ, मी त फक्त मांगं उभा होतो. आता चारित्र्याचा दाखला कसा भेटन मले?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या बॅनरवरचा मजकूर मी लिहून दिला होता. 'सत्याग्रह' हा शब्द माझा. फोन आला, "सर, काहीतरी वजनदार शब्द सांगा," आणि मी सांगितला. म्हणून ही पोस्ट. दुसऱ्याला शिकवायच्या आधी स्वतःचा कान धरतो आहे.

शब्द कुठून आला ते आधी पाहू. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देण्याची आणि नोंदणीची सक्ती करणारा कायदा येत होता. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि लोकांनी शपथ घेतली की हा कायदा मानायचा नाही, आणि त्याची जी शिक्षा होईल ती भोगायची. लढा सुरू झाला, पण त्याला नाव नव्हतं. इंग्रजीत 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणत. गांधींना ते पटेना, कारण त्यातून दुबळेपणाचा वास येत होता: हत्यार नाही म्हणून गप्प बसलेत, मिळालं तर उचलतील. मग त्यांनी 'इंडियन ओपिनियन' या आपल्या पत्रातून वाचकांना नाव सुचवायला सांगितलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं. गांधींनी त्याचं 'सत्याग्रह' केलं. म्हणजे हा शब्द लढा सुरू झाल्यानंतर, शोधून, पारखून घडवलेला आहे. आपण त्याच्या उलट करतो. शब्द आधी छापतो, लढ्याचं नंतर पाहू.

आणि 'आग्रह' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागू नये. लग्नाची पंगत आठवा. यजमान जिलेबी घेऊन फिरतो, "घ्या हो, एक तरी घ्या" म्हणतो. याला आपण आग्रह म्हणतो. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तर यजमान पुन्हा विनवतो, हसतो, शपथ घालतो. पण पाहुण्याचं मुंडकं धरून तोंडात जिलेबी कोंबत नाही. कोंबली तर त्याला आग्रह म्हणत नाहीत, दांडगाई म्हणतात. आणखी एक गोष्ट. आग्रह करणारा स्वतः शेवटच्या पंगतीला बसतो. सगळ्यांचं होईपर्यंत उपाशी तोच राहतो. त्रास स्वतःकडे, मोकळीक समोरच्याकडे. आपल्या भाषेत हट्ट वेगळा, हेका वेगळा, दुराग्रह वेगळा आणि आग्रह वेगळा. चार शब्द उगाच नाहीत. शाई ओतणं या चारांपैकी कशात बसतं ते तुम्हीच ठरवा. आग्रहात तर बसत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सत्याग्रह म्हटलं की दांडी आणि मीठ आठवतं. अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या विहिरी होत्या म्हणून तिथं मीठ काढून कायदा मोडता आला. यवतमाळात ना समुद्र, ना खारं पाणी. मग इथल्या लोकांनी काय शोधलं? गवत! जंगल सरकारनं राखीव केलेलं, ढोरं आपली, पण परवान्याशिवाय गवताची पेंढी कापली तर गुन्हा. ज्या कायद्याची झळ गोठ्यापर्यंत पोचत होती तोच कायदा निवडला. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे गवत कापायला गेले. आपल्या वणीत जन्मलेला, पन्नाशीला आलेला नामांकित वकील, टिळकांचा माणूस. दिवस आधी जाहीर केलेला. लपून नाही, रात्री नाही. गवत कापलं, अटक झाली, तुरुंगात गेले.

पुढं २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी हाच सत्याग्रह केला. सरसंघचालकपदाची जबाबदारी त्यांनी आधी डॉ. परांजप्यांकडे सोपवली होती. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल सत्याग्रह म्हटलं की अर्धे लोक "ते काँग्रेसवाल्यांचं" म्हणून पुढं सरकतात आणि उरलेले अर्धे तो आपल्या बापाचा सातबारा असल्यासारखा मिरवतात. या जिल्ह्याच्या गवतावर दोघांचाही विळा चालला आहे. उतारा कोणा एकाच्या नावाचा नाही.

त्या गवताच्या पेंढीवरून सत्याग्रहाची कसोटी सरळ निघते.

एक, नेमका अन्याय. "सरकार हाय हाय" नव्हे. कोणता नियम, कोणता आदेश, तो कोणाला कसा मारतो, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

दोन, उघडपणा. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात सत्याग्रही जिल्हाधिकाऱ्याला आधी पत्र लिहून कळवत असे की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मी युद्धाविरुद्ध बोलणार आहे. पहिले सत्याग्रही विनोबा, आपल्या शेजारच्या पवनारचे.

तीन, शिक्षा आपली. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाला सांगितलं की कायदा योग्य वाटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या. सहा वर्षं मिळाली. आपण काय करतो? शाई ओततो आणि दुसऱ्या दिवशी निवेदन देतो की आमच्यावर खोटे गुन्हे दाखल झाले.

चार, इजा कोणालाच नाही, झालीच तर स्वतःला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावानं पोलीस ठाणं पेटवलं, पोलीस जळून मेले. गांधींनी देशभराचं आंदोलन थांबवलं. जवळची माणसं चिडली, तरी थांबवलं. आमच्या आंदोलनात शाई पडल्यावर माईक एका मिनिटासाठीही थांबला नाही. मीही थांबवला नाही.

पाच, आणि हे सगळ्यात अवघड. आपणही चुकीचे असू शकतो, हे कबूल पाहिजे. सत्याचा आग्रह आहे, माझा नाही. उद्या कागद पाहिल्यावर कळलं की आपली मागणी अर्धी चूक आहे, तर ती अर्धी सोडायची तयारी पाहिजे. हे ज्याला जमत नाही त्यानं खुशाल मोर्चा काढावा. मोर्चा काढणं वाईट नाही.

हो, बाकीची आंदोलनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. धरणं आहे, ठिय्या आहे, घेराव आहे, रास्ता रोको आहे, डफडे बजाव आहे, मुंडन आहे, बोंबा मारणं आहे. प्रत्येकाला आपलं नाव आहे, त्या नावानं करा. वखराला नांगर म्हटल्यानं जमीन खोल नांगरली जात नाही.

याबाबत एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातून सुरू झालेलं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला पवनारजवळ दत्तपूरला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाचे लोक दर १९ मार्चला एक दिवस जेवत नाहीत. त्याला ते काय म्हणतात? अन्नत्याग. सत्याग्रह म्हणत नाहीत, आमरण म्हणत नाहीत. जेवढं आहे तेवढंच नाव. शब्दाची इभ्रत अशी राखतात.

आणि आपल्याकडे काय चालतं? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आली की जिल्हा कचेरीत 'आत्मदहनाचा इशारा' असलेल्या निवेदनांची रांग लागते. दुसरा प्रकार पाण्याच्या टाकीचा. पेपरवाले त्याला 'वीरूगिरी' म्हणतात. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या मरणानं देशभर गेलं, त्या जिल्ह्यात मरणाची धमकी हे अर्जासोबत जोडायचं कागदपत्र झालं आहे! सत्याग्रही मरायला भीत नाही, हे खरं. पण तो समोरच्याच्या गळ्यात आपलं मरण अडकवत नाही. या मापानं स्वतः गांधीही दरवेळी पास होत नाहीत. सप्टेंबर १९३२ च्या येरवड्याच्या उपोषणात बाबासाहेबांवर जे दडपण आलं आणि ज्यातून पुणे करार झाला, त्याला निव्वळ आग्रह म्हणणं मला जड जातं. माप सगळ्यांना एकच लावायचं.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण पानठेल्यावर रोज ऐकतो.

पहिला आक्षेप, "तुह्या सत्याग्रहानं काय होते? टाकीवर चढलं का साहेब धावत येते." खरं आहे, अगदी खरं आहे. मी डोळ्यानं पाहिलंय. मोजणीच्या एका प्रकरणात एक म्हातारा-म्हातारी कार्यालयाच्या पायऱ्यांजवळ सतरंजी टाकून दिवसच्या दिवस बसली होती. घोषणा नाही, माईक नाही. येणारा-जाणारा साहेब त्यांना वळसा घालून जायचा. त्याच गावात एक जण टाकीवर चढला तर तासाभरात अधिकारी, रुग्णवाहिका, अग्निशमनची गाडी, सगळं हजर. आणि लेखी आश्वासनही!

म्हणून साहेबलोकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. वीरूगिरी 'शोले'नं शिकवली नाही, तुम्ही शिकवली. शांत बसलेल्याला वळसा आणि टाकीवरच्याला आश्वासन, हा तुमचा धडा लोकांनी पाठ केला आहे. त्यात वर्षाचे कितीतरी दिवस जिल्ह्यात मनाई आदेश, पाच माणसं जमली की बेकायदा. आंदोलनाला परवानगी मागायला गेलं तर तारीख उलटल्यावर उत्तर. सत्याग्रह मरतो तो पोरांच्या उतावळेपणानं जेवढा, तेवढाच तुमच्या थंडपणानं. सतरंजीवर बसलेल्या माणसाकडे पहिल्या दिवशी खुर्ची सोडून खाली जा, आत्मदहनाची निम्मी निवेदनं आपोआप बंद होतील.

पण मित्रांनो, साहेबाची चूक आपली चूक बरोबर ठरवत नाही. टाकीवरून मिळालेल्या आश्वासनांचं पुढं काय झालं, ते कधी मोजलंय? साहेब घाबरून आलेला असतो, पटून आलेला नसतो. माणूस खाली उतरला की भीती संपते आणि आश्वासनही संपतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो बाबासाहेबांचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले की आता घटनात्मक मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत, तो अराजकाचा रस्ता आहे. हे बोलणारा माणूस कोण? ज्यानं २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं तो. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा हजारो लोक महाडला जमले होते. कोर्टाचा मनाई हुकूम आला. पाण्याला हात न लावता लोकांनी तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली आणि लढा कोर्टात नेला. १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूनं लागला. हजारो संतापलेली माणसं समोर असताना थांबवून दाखवायची ताकद म्हणजे काय, हे त्यातून शिकावं.

बाबासाहेबांचं म्हणणं मी असं घेतो: मार्ग खुले असताना ते आधी चालून पाहा. आम्ही चाललो का? नाही! ग्रामसभेचा ठराव घेतला नाही. आपल्या मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाचे आकडे माहिती अधिकारात मागितले नाहीत. तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज केला नाही. सरळ बॅनर छापला. ज्याला अर्ज करायचा कंटाळा आहे त्याला सत्याग्रहाचा अधिकार नाही. आणि सगळे अर्ज करूनही दार उघडलं नाही, तर मात्र बाबासाहेबांच्या शब्दातला 'मार्ग खुले असताना' हा भाग सरकारनंच मोडला, असं मी म्हणेन. इथं तुमचं मत वेगळं असू शकतं, जरूर मांडा.

तिसरा आक्षेप, "हे सगळं जुनं, आता कोण करतं?" करतात. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसलेलं एचटीबीटी कपाशीचं बियाणं सगळ्यांसमोर पेरलं. आधी सांगून, दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यासमोर. गुन्हे दाखल झाले. ते बियाणं चांगलं की वाईट, हा वाद आपण दुसऱ्या दिवशी घालू. पण रीत पाहा. आपल्या जिल्ह्यात तेच बियाणं कितीतरी जण 'चोर बीटी' म्हणून अंधारात घेतात, बिल नाही, पिशवीवर नाव नाही, फसलं तर तक्रारही करता येत नाही. कायदा दोघांनीही मोडला. एक चोरी आहे, एक सत्याग्रह. फरक फक्त उजेडाचा आहे.

राहिला प्रश्न फळाचा. १९३० मध्ये ज्या गवतासाठी माणसं तुरुंगात गेली, त्या जंगलावरचा चराईचा, गौण वनोपजाचा सामूहिक हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं कागदावर मान्य केला. मध्ये ७६ वर्षं गेली. आणि तरी आपल्या झरी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडावर जाऊन विचारा, दाव्यांची फाईल कुठं आहे. म्हणजे पेंढी अजून पूर्ण बांधून झालेली नाही. सत्याग्रह हे इन्स्टंट औषध नाही, हे मान्य. पण शाईचं काय झालं? दोन दिवस व्हिडिओ फिरला आणि विम्याचा रुपया आला नाही.

आता पुढं काय, नुसतं भाषण नको म्हणून सांगतो. गावोगाव ग्रामसभेचे ठराव घेऊ. कापणी प्रयोगांचे आकडे मागू, मिळाले की चावडीवर लावू, आपल्या विरोधात गेले तरी लावू. तक्रार समितीकडे जाऊ. तरीही दाद मिळाली नाही तर तारीख जाहीर करू, मनाई आदेश असला तर तो मोडणार असं आधी लिहून कळवू, आणि रोज एका गावाची दहा माणसं पायरीवर बसतील. उचललं तर पोलिसांच्या गाडीत चढतील. पहिल्या दहांत मी. भरती, नोकरी, शाळा असलेलं एकही पोरगं नको. सत्याग्रहात पुढं उभं राहायचं असतं ते ज्याचे फोटो बॅनरवर आहेत त्यानं.

आणि त्याआधी दोन कामं माझी एकट्याची आहेत. रविवारी मी त्या कृषी सहायकाच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही. सोमवारी ठाण्यात जबाब देणार आहे. शाईची बाटली कोणाच्या हातात होती ते मी पाहिलं आहे. ती मागं उभ्या असलेल्या पोट्ट्यांपैकी कोणाच्याही हातात नव्हती. हे आधीच सांगायला पाहिजे होतं. बॅनरवर 'सत्य' लिहून देणारा माणूस इतके दिवस गप्प बसला, याची मला लाज वाटते. यामुळे काही फोन यायचे बंद होतील, काही वेगळे फोन येतील. येऊ द्या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण शिव्या नको. आणि यापुढं कोणाला बॅनरसाठी वजनदार शब्द पाहिजे असेल तर मला फोन करू नका. वजन उचलायला येणार असाल तर करा.